उरलेल्या चिठ्ठ्या

भगवंतराव : ...आन् हे झालं बावन्नवं. शालिकराम, वय वर्स चार, घर नंबर सात. याचा आजा माह्यासंगं शाळेत होता बरं ललिताबाई. लय मारखाऊ पोट्टं.

ललिता : सापडला काय गुलाबी चिठ्ठ्यांत?

भगवंतराव : आजा?

ललिता : नातू, काकाजी. नातवाची देवी काढली का नाही, लस टोचली का?

भगवंतराव : काढली ना. हे पाहा, गुलाबी चिठ्ठी. अख्खा ढीग चाळा लागला तवा सापडली. पण सापडली. माह्या हातून चूक होत नाही. तीस वर्सं झाली नोकरीले.

ललिता : चूक होत नाही, हे अंजनगावात सगळेच सांगतात. पण पांढऱ्या चिठ्ठ्या दोन हजार एकशे चाळीस आहेत. आठ गावांतल्या गुरुजींनी घरोघरी जाऊन लिहिल्या, एका लेकराची एक. आन् देवी काढलेल्यांच्या गुलाबी, सोळाशे दोन. दुपारपर्यंत तुमच्या बावन्न झाल्या. दिवसाले शंभर धरल्या तरी एकवीस-बावीस दिवस लागतील.

भगवंतराव : लागू द्या.

ललिता : सोमवारी सकाळी लसीची जीप येते. आज शनिवार आहे.

भगवंतराव : मले वार समजते, बाई.

ललिता : नदीपलीकडे तीन घरांत देवी आली. लस थोडीच मिळून राहिली, सगळ्या लेकरांले पुरत नाही. देवी काढणारी माणसं चार. ज्याचं नाव आपण यादीत देऊ, त्याच्याच घरापुढे जीप थांबेल. बाकीच्यांच्या घरापुढून निघून जाईल.

भगवंतराव : म्हणून तं एकेक चिठ्ठी वाचून राहिलो ना! घाईत एखादं लेकरू सुटलं म्हणजे? तुमाले काय, तुमी सहा महिने झाले या कचेरीत येऊन. काहून एवढी घाई?

ललिता : माझ्या तोंडाकडे पाहूनसुदा विचारता? सात वर्सांची होती मी. वण राहिले, डोळे वाचले. माझ्या भावाचे तेही वाचले नाहीत. माझं काम एवढंच, का सोमवारच्या यादीत सगळे पायजे.

भगवंतराव : चुकलं माहं. बोलून गेलो. सांगा, तुमी कशा करान?

ललिता : नागपुरात मी खानेसुमारीच्या चिठ्ठ्या लावत होती, एकसष्टच्या जनगणनेच्या. लाखानं चिठ्ठ्या. तिथल्या बाई पहिल्या दिवशी बोलल्या, चिठ्ठी वाचशील तं रडशील. ढीग वाच.

भगवंतराव : ढीग कसा वाचतेत? ढिगाले काय नाव-गाव असते?

ललिता : काकूंनी हरभरा चाळला तं एकेक दाणा हातात घेऊन पाहतात काय, हा मोठा, हा बारीक?

भगवंतराव : गोदाबाई? तिले तेवढी फुरसत असती तं मले चहा वेळेवर भेटला असता. चाळणीत टाकते, हालवते. बारीक खाली पडते.

ललिता : म्हणजे दाणा शोधावा लागत नाही. चाळणी कशी पायजे, तेवढं ठरवावं लागते. तुम्ही मले लेकराचं नाव सांगू नका. कसलं लेकरू पायजे, ते सांगा.

भगवंतराव : देवी न काढलेलं.

ललिता : असं कोणत्या चिठ्ठीवर लिहिलं आहे?

भगवंतराव : कोण्याच नाही. पांढरीवर लिहिलं, लेकरू हाये. गुलाबीवर लिहिलं, देवी काढली. नाही काढली असं कोण कायले लिहीन?

ललिता : तेच तं. न झालेली गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही. मग ते लेकरू कसं ओळखायचं?

भगवंतराव : थांबा, थांबा. सांगतो. पांढरी हाये, आन् तिची गुलाबी नाही.

ललिता : झालं. हेच वाक्य पुऱ्या ढिगाले लावायचं, एका लेकराले नाही.

भगवंतराव : लावा मंग. कसं लावता?

ललिता : पहिले पांढऱ्या गावागावानं वेगळ्या करू. मग गावातल्या घर नंबरानं. मग घरातल्या वयानं, मोठं वर. गुलाबी तशाच, अगदी त्याच क्रमानं. तवालोक एकही नाव वाचायचं नाही.

भगवंतराव : नाव नाही वाचायचं?

ललिता : नाही.

भगवंतराव : आन् मधातच वळखीचं निघालं तं?

ललिता : तुम्हाले सगळेच वळखीचे आहेत, काकाजी. म्हणूनच सांगते. लावायले खण नाहीत, पानवाल्या बारी लोकांकडून सोळा करंड्या मागून आणल्या. त्या पाहा दारात.

भगवंतराव : म्हणजे मले विचारायच्या आधीच आणल्या!

ललिता : तुम्ही हो म्हणसाल, असं वाटलं.

भगवंतराव : वाटलं म्हणे. आणा इकडे. आठ पांढऱ्यायच्या, आठ गुलाबीच्या. माह्या हातात गावं द्या, वाचायची सवय जाईस्तोर वेळ लागीन... हे काय, पंचफुला? नत्थुजीची पंचफुला, का दुसरी?

ललिता : काकाजी.

भगवंतराव : नाही वाचत. नाही वाचत!

(दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. तीच खोली, टेबलावर शेवटच्या गावाच्या लावलेल्या दोन गड्ड्या.)

भगवंतराव : घर बारा, पोरगा, पाच वर्सं.

ललिता : बारा, पोरगा, पाच. आहे. दोन्ही खाली ठेवा.

भगवंतराव : घर बारा, पोरगी, दोन वर्सं.

ललिता : माझ्याकडे घर चौदा आलं.

भगवंतराव : म्हणजे बारावालीची गुलाबी नाहीच. मांगं जाऊन पाहा लागते काय?

ललिता : नाही. लावलेली गड्डी आहे. पुढे गेलो म्हणजे मागे राहिलेली नाहीच. पांढरी करंडीत टाका.

भगवंतराव : अजब हाये बाप्पा. काल हिच्यासाठी मी अख्खा ढीग चाळला असता, आन् शेवटी हेच समजलं असतं का नाही म्हणून. मांगचं गाव तं पाऊण घंट्यात आटोपलं. घर चौदा, पोरगा, एक वर्स.

ललिता : चौदा, पोरगा, एक. आहे. थांबा, माझ्याकडे चौदाची अजून एक आली. पोरगा, दहा महिने.

भगवंतराव : माह्याकडे आता सोळा हाये. तुमच्या त्या चौदाच्या पोट्ट्याची पांढरी नाही.

ललिता : म्हणजे देवी काढली, पण घरयादीत लेकरूच नाही. बाजूले ठेवते. अशा आता आठ झाल्या.

भगवंतराव : गुरुजीनं गफलत केली.

ललिता : एका गुरुजींची असती तं एका गावात निघाली असती. पाच गावांत निघाल्या. तुम्ही वाचा बरं या आठ. आता नावं वाचायची परवानगी आहे.

भगवंतराव : द्या. चष्मा कुठी गेला... हं. हे देवीदासचं घर. पण बापाचं नाव दुसरंच. हा देवीदासचा पोरगा नाही, नातू होय. त्याच्या लेकीचा, जमुनीचा. ते दिली परतवाड्याकडे. हे दुसरं, यायचीबी लेक. पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली आसन. हे तिसरंबी तसंच. अवो बाई, हे आठही लेकीयची लेकरं हायेत.

ललिता : माहेरी असताना देवी काढून घेतली.

भगवंतराव : बरोबर. आन् घरयादीत नाही, कारण गुरुजीनं विचारलं, घरात लेकरं किती? आज्यानं सांगतलं, आमचं नाही, पाहुणं हाये. त्याच्या बापाच्या घरी लिहितीन. असंच सांगतेत. सगळेच असंच सांगतेत.

ललिता : आन् बापाच्या घरी गुरुजी गेले तवा?

भगवंतराव : तवा ते लेकरू इकडे! सासू म्हणते, सूनबाई माहेरी गेली, तिकडे लिहितीन.

ललिता : हे आठ बरे, यांची देवी तरी काढली. आपल्याले ते सापडले कारण गुलाबी चिठ्ठी होती. ज्यांची पांढरीही नाही आन् गुलाबीही नाही, ते आपल्या कोणत्याच ढिगात नाहीत. कितीही चाळलं तरी निघायचे नाहीत. काकाजी? पाणी देऊ काय?

भगवंतराव : मैनीची पोरगी.

ललिता : कोण?

भगवंतराव : माही लेक, मैना. पोळ्याले आली होती बाळंतपणाले. पोरगी झाली, पहिली. अंजनगावची वेगळी यादी झाली तवा गुरुजी माह्या दारात आला, त्यानं विचारलं, भगवंतराव, लेकरू कोनाचं? म्या माह्या तोंडानं सांगतलं, पाहुणी हाये, लिहू नोको. हासलोबी वरून. ते आता सासरी हाये. आपल्या आठातलंच गाव, नदीच्या या काठाले. आन् देवी काढली नाही तिची. गोदाबाई म्हणे लहान हाये, रडन.

ललिता : बसा. बसा पहिले.

भगवंतराव : तीस वर्सं झाली या कचेरीत. माह्या हातून चूक होत नाही म्हणतो मी. लिहा, लिहा तिची चिठ्ठी! आत्ता लिहा.

ललिता : लिहिते. पण तिची एकटीची लिहिली तं बाकीच्या?

भगवंतराव : बाकीच्या कोन्या?

ललिता : तुम्ही जे सांगितलं ते सगळेच सांगतात म्हणे. दोन वर्सांत आठ गावांत पहिलटकरणी किती झाल्या असतील? तुमची नात तुम्हाले आठवली. त्यांचे आजे या टेबलावर बसले नाहीत.

भगवंतराव : ...खरं हाये. थांबा, इचार करू द्या. तुमच्याच हिशेबानं बोलतो. कसलं लेकरू पायजे? जन्मलं हाये, आन् घरयादीत नाही.

ललिता : हो.

भगवंतराव : तं तिसरी गड्डी पायजे. जन्माची. कोतवालबुक! लेकरू जिथं जन्मलं तिथला कोतवाल लिहितेच. बापाचं नाव, बापाचं गाव, तारीख. त्याले पाहुणं-घरचं काही समजत नाही, जन्मलं का लिहिलं. आठ गावायची आन् अंजनगावची बुकं ठाण्यात जमा हायेत. माहा वळखीचा माणूस हाये तिथं, रविवार असला तरी देईन.

ललिता : हे मले सुचलं नसतं, काकाजी. नागपुरात तिसरी गड्डी आम्हाले आयती मिळत होती.

भगवंतराव : आता मले चढवू नोका. मी जातो, तुमी कोऱ्या चिठ्ठ्या कापून ठेवा. निळ्या कागदायच्या करा, मिसळाले नोको.

(तासाभरानं. भगवंतराव जन्माची बुकं घेऊन परत येतात.)

ललिता : आणली? एवढ्या लवकर?

भगवंतराव : सायकल घेतली शिपायाची. पडलोबी एकदा, इचारू नोका. बसा, मी वाचतो, तुमी लिहा. दोन वर्सांचे जन्म. मंग बापाच्या गावानं लावू आन् पांढऱ्यायशी भिडवू. ज्यायची पांढरी हाये ते गेले. उरले ते आपले.

ललिता : आन् उरलेल्यांतून हे आठ काढायचे. त्यांची देवी झाली आहे.

भगवंतराव : बरोबर.

ललिता : काकाजी, बुकात मागच्या पानांवर मृत्यूही आहेत.

भगवंतराव : हायेत.

ललिता : तेही काढावे लागतील. नाही तं जीप अशा दारात जाईल, आन् देवी काढणारे खुशालराव म्हणतील, लेकरू आणा.

भगवंतराव : त्या मी काढतो. तुमी लिहा, लिहीत राहा. त्या मी एकटा काढतो.

ललिता : इथं मग नाव वाचावं लागेल.

भगवंतराव : म्हणूनच मी काढतो.

(संध्याकाळी.)

ललिता : किती झाल्या?

भगवंतराव : घरयादीत नसलेली चोपन्न निघाली होती. आठ टोचलेली. नऊ... नऊ गेलेली. सदतीस उरली. सदतीस लेकरं, बाई, जी कोन्याच चिठ्ठीत नव्हती. सकाळी कोणी म्हटलं असतं तं मी भांडलो असतो.

ललिता : आन् पांढऱ्यातली पाचशे शेहेचाळीस. मिळून पाचशे त्र्याऐंशी. निळ्या आन् पांढऱ्या आता एकत्र करू, गावागावाच्या गड्ड्या लावू. मोठी गड्डी पहिले. जिथं न टोचलेली लेकरं जास्त, तिथं जीप आधी.

खुशालराव : अरे वा भगवंतरावजी! रविवारी कचेरी उघडी? मैं तो बोला चोरी झाली का काय. सलाम बाई.

भगवंतराव : या खुशालराव. तुमाले उद्या यायचं होतं ना?

खुशालराव : लस आजच आली, बर्फात ठेवून आणली. बर्फ किती टिकते? उद्या सकाळी सात वाजता निघतो. यादी नसली तं बोला, जमेल तितकी पोट्टी टोचतो आन् परत जातो. अपने को क्या, सुई चालवायची.

ललिता : यादी आहे. घ्या. पाचशे त्र्याऐंशी लेकरं. गाव, घर, बापाचं नाव, वय.

खुशालराव : मजाक करता काय? मागच्या तालुक्यात महिना झाला, अजून चिठ्ठ्याच चाळून राहिले. कोनी केलं?

भगवंतराव : ललिताबाईनं.

ललिता : आम्ही दोघांनी.

खुशालराव : ठीक आहे. दिवसाले तीन गावं होतात माझ्यानं, जास्त नाही. सांगा, पहिले कोणतं?

ललिता : पहिल्या गड्डीत एकशे अठरा. दुसरीत सत्त्याण्णव. तिसरीत चौऱ्याऐंशी. ही झाली सोमवारची. मंगळवारी चौथी, एक्क्याऐंशी...

भगवंतराव : दाखवा बरं ते चौथी.

ललिता : ही घ्या.

भगवंतराव : ...एक्क्याऐंशी. दोनदा मोजली तुमी?

ललिता : दोनदा.

खुशालराव : काय झालं भगवंतरावजी? चेहरा उतरला.

ललिता : त्यांची नात आहे या गड्डीत. सहा महिन्यांची.

खुशालराव : बस, इतकंच? तीन चिठ्ठ्यांचा तं फरक. खालची गड्डी वर घ्या, सोमवारीच जातो. घरचं लेकरू आहे, कोण विचारते?

भगवंतराव : नाही तं मी आज जाऊन तिले इकडेच घेऊन आलो तं?

खुशालराव : ते नोका करू. एसटी नदीपलीकडून भरून येते, त्या गर्दीत न टोचलेलं लेकरू? घरातच राहू द्या. माझं ऐका, गड्डी वर घ्या.

ललिता : काकाजी, तुम्ही घेतली तं मी काही बोलणार नाही. खरंच नाही बोलणार.

भगवंतराव : तिसऱ्या गावात चौऱ्याऐंशी हायेत. कोनाचं तरी एकेक नाव मले पाठ हाये त्यातलं. त्यायले एक दिवस मांगं सरकवून मी मैनीले काय सांगू? बाप कचेरीत होता म्हणून तुही पोरगी पहिले?

खुशालराव : सांगायचं कायले?

भगवंतराव : भेव लागून राहिलं मले, खुशालराव. खोटं नाही बोलत. पण ते गड्डी जिथं हाये तिथं राहू द्या. चौथी म्हणजे चौथी. लिहा बाई, मंगळवार सकाळ, पहिलं गाव.

ललिता : लिहिलं.

भगवंतराव : आन् त्याच कागदाखाली माहा अर्ज लिहा. मंगळवारची एक दिवसाची रजा.

ललिता : कारण काय लिहू?

भगवंतराव : लिहा, सुई टोचताना लेकरू धरायले माणूस लागते.